हिशेब येतो, पण व्यवहार चुकतो: पैशाचा निर्णय घेताना मेंदूत काय घडतं?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "मी ३६ वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गणित चांगलं आहे, सगळं एक्सेलमध्ये मांडतो. तरी शेअर थोडा वर गेला की विकून मोकळा होतो आणि पडलेला धरून बसतो. गेल्या वर्षी ऑप्शन्समध्ये (शेअरच्या पुढच्या भावावर केलेल्या मुदतीच्या सौद्यांत) साडेचार लाख गेले, घरी अजून सांगितलेलं नाही. वडील मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांचे शेअर माझ्याकडे आलेत. त्यांच्या वहीत प्रत्येक खरेदी त्यांच्या अक्षरात लिहिलेली आहे. ते विकावेत की ठेवावेत, काही सुचत नाही. भावना पूर्ण बाजूला ठेवून पैशाचे निर्णय घेता येतात का? मेंदूला तशी सवय लावता येते का?"

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. पैशाच्या बाबतीत भावना पूर्ण बाजूला पडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे नातेवाईक त्यांना हाताला धरून माझ्याकडे घेऊन येतात.

मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे. मेंदूला इजा झालेल्या माणसांचं लक्ष, स्मरण, भाषा आणि निर्णयशक्ती तपासणं हे माझं एकवीस वर्षांचं काम. मोटरसायकलवरून पडलेले, गाठ काढलेले, पक्षाघात झालेले असे पेशंट असतात. गेल्या पाच-सहा वर्षांत त्यात आणखी एक गट वाढला आहे. त्यांचा मेंदू धडधाकट आहे, पण झोप उडाली आहे, मोबाईल बायकोपासून लपवावा लागतो आणि ट्रेडिंगमध्ये बरंच काही गेलेलं आहे. हे दोन्ही गट एकाच आठवड्यात माझ्यासमोर बसतात. म्हणून तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं. कोणता शेअर घ्यावा हे माझं क्षेत्र नाही, त्यात मी पडणार नाही.

एका पेशंटची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चाळिशीचा माणूस, मार्केट यार्डात अडतीचं दुकान. रात्री हेल्मेट नसताना गाडी घसरली आणि कपाळ दुभाजकावर आपटलं. तीन आठवड्यांनी घरी गेला. चालणं-बोलणं ठीक, चेहरा हसरा. माझ्याकडे आला तेव्हा बुद्ध्यंक सरासरीच्या वर निघाला. शंभरातून सात-सात वजा करत जाणं, आकडे उलट क्रमानं सांगणं, सगळं झटपट. अडतीचा टक्का तर त्यानं तोंडी काढून दाखवला. मागे खुर्चीवर त्याची बायको बसली होती. ती म्हणाली, "मॅडम, हिशेब सगळा येतो हो यांना. व्यवहार गेलाय."

झालं असं होतं की ज्या व्यापाऱ्यानं पूर्वी दोनदा पैसे बुडवले होते, त्यालाच यानं तिसऱ्यांदा उधारीवर माल दिला. मी विचारलं, "तो बुडवणारा आहे हे लक्षात नव्हतं का?" तो शांतपणे म्हणाला, "लक्षात आहे की. दोनदा बुडवलेत त्यानं." मग मी विचारलं, "माल देताना काही वाटलं नाही?" त्यानं खरंच विचार केला आणि मलाच विचारलं, "काय वाटायला पाहिजे होतं?"

त्याचा तो प्रश्न गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

कपाळामागे, डोळ्यांच्या खोबण्यांच्या वर मेंदूचा जो खालचा मधला भाग येतो त्याला व्हेंट्रोमीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. पुढे मी त्याला कपाळामागचा भाग एवढंच म्हणेन. डोकं समोरून आपटलं की मेंदू कवटीच्या खडबडीत तळावर घासतो आणि नेमका हाच भाग दुखावतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात अँटोनियो डमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेशंटांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांतला 'एलियट' या नावानं ओळखला जाणारा पेशंट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. मेंदूच्या आवरणाची गाठ काढल्यावर त्याची बुद्धी शाबूत राहिली, पण नोकरी गेली, साठवलेला पैसा एका संशयास्पद माणसाबरोबरच्या भागीदारीत बुडाला, संसार मोडला. भीषण चित्रं दाखवली तरी त्याच्या मनात काही हलत नसे, आणि पूर्वी हलायचं हे त्याला आठवत असे. असाच इजा झालेल्या दुसऱ्या एका पेशंटला डमासिओंनी पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या. तो जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांच्या सोयी-गैरसोयी मांडत राहिला. शेवटी डमासिओंनीच एक तारीख सांगितली, तेव्हा तो लगेच "ठीक आहे" म्हणाला. म्हणजे भावना गेली की एक तर माणूस नको तिथे हात घालतो, नाहीतर साध्या गोष्टीवर अडून बसतो. तुम्ही ज्याला थंड डोकं म्हणता त्याचा हा शेवटचा टप्पा आहे.

याची परीक्षा घेण्यासाठी त्याच गटातल्या अंत्वान बेशारा यांनी १९९४ साली एक पत्त्यांचा खेळ प्रसिद्ध केला. समोर चार गड्ड्या, हातात खोटे २००० डॉलर. पहिल्या दोन गड्ड्यांत प्रत्येक पानाला १०० डॉलर मिळतात, पण मधूनच असा दंड बसतो की दहा पानांमागे २५० डॉलरचा तोटा होतो. उरलेल्या दोन गड्ड्यांत पानामागे ५० डॉलरच मिळतात, पण दंड हलका असल्यानं दहा पानांमागे २५० डॉलर उरतात. खेळणाऱ्याला यातलं काही सांगत नाहीत. तळहाताला तारा लावून घामातला सूक्ष्म बदल मोजतात. १९९७ साली छापून आलेल्या निकालात निरोगी माणसांचे तळहात साधारण दहाव्या पानापासूनच वाईट गड्डीकडे हात नेताना घामेजू लागले होते. "इथं काहीतरी गडबड आहे" असं तोंडानं म्हणायला पन्नासाव्या पानापर्यंत वेळ लागला, नेमकं कारण सांगायला ऐंशीव्या. कपाळामागे इजा झालेल्यांचे हात मात्र कोरडेच राहिले. त्यांतल्या काहींनी कोणत्या गड्ड्या वाईट हे खेळाच्या शेवटी बरोबर ओळखलं, आणि तरीही त्याच गड्ड्यांतली पानं उचलत राहिले. "लक्षात आहे की. दोनदा बुडवलेत त्यानं."

या प्रयोगावर आक्षेपही आले आहेत आणि ते तुमच्यापर्यंत पोहोचले पाहिजेत. २००४ साली माया आणि मॅक्लेलंड यांनी हाच खेळ खेळवताना मध्ये मध्ये बारकाईनं प्रश्न विचारले, तेव्हा माणसांना बरंच काही आधीच उमगलेलं असतं असं दिसलं. त्यामुळे 'शरीराला आधी कळतं, मनाला नंतर' हे वाक्य मी वर्गात आता पूर्वीइतक्या ठामपणे शिकवत नाही. पण नुसतं कळून भागत नाही, कळलेलं अंगावर यावं लागतं, ही गोष्ट टिकून आहे. माझ्या टेबलासमोर मी ती वारंवार पाहिली आहे.

आपल्या भाषेनं हे फार पूर्वी नोंदवून ठेवलं आहे. उधारी देताना हात आखडतो. जामिनाची सही करताना पोटात गोळा येतो. मोठी खरेदी करायला मन धजत नाही, एखादा सौदा मन घेत नाही, आणि गरज नसलेल्या गोष्टीसाठी पैसे काढणं जिवावर येतं. पोट, हात, जीव हे शब्द इथं शोभेसाठी आलेले नाहीत. कानशिलाच्या आत, मेंदूच्या एका खोल घडीत इन्सुला नावाचा भाग आहे. हृदय, आतडी, श्वास यांच्या आतल्या बातम्या तिथं पोहोचतात. २००७ साली ब्रायन नटसन यांच्या गटानं माणसांना स्कॅनरमध्ये आधी वस्तू दाखवली, मग तिची किंमत. वस्तू आवडली की मेंदूच्या बुडाशी असलेल्या न्यूक्लियस अक्युम्बन्समध्ये हालचाल वाढे, किंमत अवाच्या सवा वाटली की इन्सुलात. या हालचालींवरून माणूस ती वस्तू घेईल की नाही याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येत होता. 'जिवावर येणं' बहुधा इथं घडतं. नोटा मोजून देताना ते जेवढं जाणवतं तेवढं कार्डानं जाणवत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात बास्केटबॉलच्या तिकिटांचा लिलाव करून २००१ साली हे दाखवलं गेलं. क्रेडिट कार्डानं पैसे द्यायचे होते त्यांनी रोख देणाऱ्यांपेक्षा कितीतरी चढ्या बोली लावल्या. यूपीआयनं पैसे भरताना आपल्याला काही टोचत का नाही, त्याचं कारण मला यातच दिसतं.

इन्सुलाचा दुसरा प्रयोग पैशापेक्षा अपमानाचा आहे. खेळ असा: दहा डॉलर दोघांत वाटायचे. वाटणी पहिला ठरवतो. दुसऱ्यानं 'हो' म्हटलं तर दोघांना आपापला वाटा मिळतो, 'नाही' म्हटलं तर दोघंही रिकाम्या हातानं घरी. निव्वळ हिशेबानं पाहिलं तर एक डॉलर मिळाला तरी घ्यावा, शून्यापेक्षा तो बरा. पण माणसं तसं करत नाहीत. पहिल्यानं नऊ ठेवून एक पुढं सरकवला तर बहुतेक जण तो नाकारतात. २००३ साली अॅलन सॅन्फी आणि सहकाऱ्यांनी हा खेळ स्कॅनरमध्ये खेळवला. अन्यायी वाटणी समोर आली की इन्सुला जोरात चालू होई, आणि तीच वाटणी संगणकानं केली आहे असं सांगितलं की कमी. किळसवाण्या वासानं मेंदूचा जो भाग जागा होतो तोच हा. दोन फूट बांधासाठी पंधरा वर्षं कोर्टाच्या तारखा घेणारे, वकिलाला त्या जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे देणारे सख्खे भाऊ मी पाहिले आहेत. त्यांना वेडं म्हणणं मला पटत नाही. नऊ-एकची वाटणी मुकाट्यानं गिळणाऱ्याला पुढच्या वेळीही एकच मिळणार, हे त्यांच्या पोटाला कळलेलं असतं. गिळायचं किती आणि ताणायचं किती हा पुढचा प्रश्न, आणि तिथं पोट एकटं पुरत नाही.

इथं एक गैरसमज दूर करते. कपाळामागचा भाग गेला म्हणजे माणूस सगळ्याच बाबतीत थंड होतो असं नाही. २००७ साली कोनिग्ज आणि ट्रॅनेल यांनी हाच वाटणीचा खेळ अशा पेशंटांना दिला, तर त्यांनी अन्यायी वाटण्या निरोग्यांपेक्षा जास्त वेळा नाकारल्या. माझा अडत्याही बुडव्याला शांतपणे माल देई आणि हमालाशी चहाच्या दहा रुपयांवरून भांडे. त्याच्यात राग होता. तो राग कुठं खर्च करावा हे सांगणारी आठवणीतली खूण तेवढी नव्हती.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल की मग मी माझ्या पोटावर विश्वास ठेवू का? थांबा. याच्या अगदी उलट दिसणारा एक प्रयोग आहे, आणि तुमच्यासाठी तो जास्त कामाचा आहे.

२००५ साली बाबा शिव, जॉर्ज लोवेन्स्टाइन, बेशारा आणि डमासिओ दांपत्यानं असाच एक पैशाचा खेळ मांडला. हातात २० डॉलर, वीस फेऱ्या. प्रत्येक फेरीत एक डॉलर लावायचा की नाही ते तुम्ही ठरवायचं. लावला तर नाणं उडवतात. छापा आला तर लावलेला डॉलर गेला, काटा आला तर अडीच डॉलर. गणित उघड आहे: दर डॉलरमागे सरासरी सव्वा डॉलर येतो, म्हणून प्रत्येक फेरीत लावणंच शहाणपणाचं. निरोगी माणसं मात्र जसजशी हरत गेली तसतसे हात आखडते घेत गेली. हरल्यानंतरच्या फेरीत त्यांनी जेमतेम ४१ टक्के वेळा पैसे लावले. भावनेशी संबंधित भागांना इजा झालेल्या पेशंटांनी हरल्यानंतरही ८५ टक्के वेळा लावले. खेळ संपला तेव्हा निरोग्यांकडे सरासरी २२.८० डॉलर होते आणि पेशंटांकडे २५.७०.

म्हणजे इथं भावना नसलेले जिंकले. डॅनियल कानेमन आणि अॅमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ पासून हेच मांडलं होतं की तोटा फायद्यापेक्षा जास्त बोचतो; १९९२ च्या त्यांच्या मोजणीत ही बोच सुमारे सव्वादोन पट निघाली. मेंदूत बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा भाग आहे. दुर्मिळ आनुवंशिक आजारानं तो दोन्ही बाजूंनी नष्ट झालेल्या दोन व्यक्तींची २०१० साली तपासणी झाली, आणि त्यांच्यात तोट्याची ही जादा बोच आढळलीच नाही.

मग अडत्याचं दुकान बुडालं आणि नाण्याच्या खेळात पेशंट जिंकले, या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा? माझं मत असं आहे, आणि या सगळ्या उत्तरात मला तुम्हाला तेच सांगायचं आहे: पोटातली जाणीव ही अनुभवाची साठवण आहे. जिथं तिला खरी शिकवण मिळाली तिथं ती खरं बोलते. अपघातापूर्वी त्या अडत्यानं पंधरा वर्षं त्याच गाळ्यावर, त्याच माणसांशी व्यवहार केला होता. कुणी थापा मारल्या की महिन्याभरात कळे, चूक झाली की तिची किंमत त्याच हंगामात मोजावी लागे. अशी शिकलेली जाणीव सोन्यासारखी असते. नाण्याच्या खेळात तुमचं पोट आयुष्यभराची वेगळी शिकवण घेऊन येतं, 'चटका बसला की हात मागे घे', आणि नाण्याला मागच्या फेरीची आठवण नसते. पोट तिथं प्रामाणिकपणे चुकतं.

लंडनमध्ये अतिवेगवान सौदे करणाऱ्या ट्रेडरांवर २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याला जोडून पाहा. नाडीला हात न लावता स्वतःचे हृदयाचे ठोके मोजायला सांगितले, तर हे ट्रेडर इतर माणसांपेक्षा जास्त अचूक निघाले. ज्यांना स्वतःचे ठोके जास्त नीट जाणवत होते त्यांचा नफाही जास्त होता आणि ते या धंद्यात जास्त वर्षं टिकलेले होते. दिवसाला असंख्य सौदे आणि प्रत्येकाचा निकाल लगेच, अशी शिकवण त्यांच्या शरीराला मिळालेली असते. मोबाईलवर जेवणाच्या सुट्टीत दोन लॉट घेणाऱ्याला ती मिळत नाही.

त्याला जे मिळतं ते वेगळंच असतं, आणि त्यासाठी डोपामिनकडे वळावं लागेल.

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते अर्धवट आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या एकेका पेशीचं काम नोंदवलं. अचानक फळाचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी धडधडत. दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकड शिकलं की त्या दिव्याला धडधडत, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही तर अगदी त्या क्षणी गप्प होत. म्हणजे या पेशी 'अपेक्षेपेक्षा जास्त की कमी' एवढंच सांगतात, आणि त्यावर आपण शिकतो. निकाल जितका बेभरवशाचा तितकी ही शाळा सुटत नाही. लूक क्लार्क यांच्या २००९ च्या अभ्यासात स्लॉट मशीनवर 'थोडक्यात हुकलं' अशा डावानं माणसांना वाईट वाटलं, पण पुन्हा खेळायची इच्छा वाढली, आणि मेंदूत जिंकल्यावर चालू होणारेच काही भाग चालू झाले. एक्स्पायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याच्या दिवशी तुमचा स्ट्राइक, म्हणजे सौद्यात ठरलेला भाव, वीस पॉइंटनं हुकतो तेव्हा हेच घडतं. पैसे गेलेले असतात आणि मेंदू 'जमत आलंय' अशी नोंद करतो.

याची ताकद मला एका आजोबांनी दाखवली. निवृत्त शिक्षक, पार्किन्सनचे रुग्ण. आयुष्यभर रिक्षाऐवजी चालत जाऊन वाचवलेले पैसे पोस्टात टाकणारा माणूस. त्यांची मुलगी एक कापडी पिशवी घेऊन आली आणि माझ्या टेबलावर उलटी केली. आत लॉटरीची तिकिटं होती, रबर बँड लावून तारखेनुसार लावलेली, चार महिन्यांची. आजोबा मान खाली घालून बसले होते. हळूच म्हणाले, "मला लाज वाटते, पण दुपार झाली की पाय आपोआप कोपऱ्याकडे वळतात." त्यांचं औषध डोपामिनची नक्कल करणाऱ्या गटातलं होतं, आणि त्याचा डोस काही महिन्यांपूर्वी वाढला होता. हा त्या औषधांचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. २०१० साली ३,००० हून अधिक पार्किन्सन रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत, हा औषधगट घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांमध्ये जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना यांपैकी कशावर तरी ताबा सुटलेला आढळला. न्यूरॉलॉजिस्टनी हळूहळू औषध बदललं आणि आजोबांचे पाय पुन्हा पोस्टाकडे वळले. (कुणाच्या घरी हे औषध चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, ते धोक्याचं आहे. डॉक्टरांना जुगार-खरेदीबद्दल स्पष्ट सांगा.) सत्तर वर्षांचं चारित्र्य एका गोळीनं हलू शकतं, हे पाहिल्यापासून पैशाच्या बाबतीत कुणाला 'मनाचा कमकुवत' म्हणणं मी सोडून दिलं.

तुम्हालाही म्हणणार नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला होता. नाण्याच्या खेळात लावत राहणं शहाणपणाचं होतं, कारण डॉलरमागे सव्वा डॉलर येत होता. इथं खर्च वजा जाता तराजू तुमच्या विरुद्ध झुकलेला आहे. अशा खेळात थंड डोकं तुम्हाला शिस्तीत हरवेल, एवढंच. म्हणून ऑप्शन्ससाठी माझा सल्ला भावना आवरण्याचा नाहीच. ते खातं बंद करा, अॅप काढून टाका. दिवाच दिसला नाही तर पेशी कशाला धडधडतील?

आता वर गेलेला विकणं आणि पडलेला धरणं. ही सवय जगभर इतकी सापडते की तिला १९८५ मध्ये शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी 'डिस्पोझिशन इफेक्ट' असं नावच दिलं. टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची १०,००० खाती तपासून १९९८ साली दाखवलं की लोकांनी विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात त्यांनी धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी जास्त वाढले. नफा खिशात टाकण्याच्या क्षणी मेंदूच्या बक्षीस भागात उसळी येते, हे पुढं स्कॅनरमध्येही दिसलं. तोटा विकणं म्हणजे मात्र 'मी चुकलो' यावर सही करणं. आणि कागदावरचा तोटा सही होईपर्यंत आणखी धोका पत्करायला लावतो. अॅलेक्स इमास यांनी २०१६ मध्ये दाखवलं की तोटा प्रत्यक्ष बुक केला, म्हणजे विकून पक्का केला, की माणसं सावध होतात, आणि तो नुसता कागदावर राहिला की मोठे डाव लावतात. तुमचे साडेचार लाख कसे गेले असतील त्याचा अंदाज मला यावरून येतो. पहिला तोटा कागदावर असताना उरलेले गेले असणार.

यावर उपाय म्हणून मी ज्या गोष्टी सांगते त्या अगदी साध्या आहेत. शेअर घेतानाच कागदावर लिहा, का घेतला आणि काय झालं तर विकणार. घेताना पोट शांत असतं, विकताना नसतं. त्या शांत वेळेचं म्हणणं अशांत वेळेला ऐकता यावं म्हणून ते हातानं लिहायचं. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून अधिक अंकांनी कोसळून २६,००० च्या खाली गेला, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यानं ५०,००० ला स्पर्श केला. त्या मार्चमध्ये ज्यांनी सगळं विकलं ते माझ्या ओळखीतले लोक मूर्ख नव्हते. एका डॉक्टर मित्राच्या हातून हे झालं, कोविड वॉर्डातून रात्री दोनला घरी येऊन. आणि पडलेल्या शेअरसाठी स्वतःला एकच विचारा: आज हातात तेवढी रोख रक्कम असती तर हाच शेअर आज घेतला असता का?

पण हे सगळं नंतर. त्याआधी बायकोला साडेचार लाखांचं सांगा. हा घरगुती उपदेश म्हणून सांगत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी निरोगी माणसांमध्ये कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक आठ दिवस चढं ठेवलं. पहिल्या दिवशी काही फरक दिसला नाही, पण आठवडाभरानं धोका पत्करण्याची त्यांची तयारी लक्षणीय घटली होती. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. तुम्ही वर्षभर एक गोष्ट लपवून त्याच ताणात आहात. अशा शरीरातून निघालेला कोणताही निर्णय, विकण्याचा असो वा धरण्याचा, मला विश्वासाचा वाटत नाही. माझ्या अनुभवात सांगितल्यानंतरची पहिली रात्र वाईट जाते आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री झोप लागते. ते बोलणं एकट्यानं जमणार नसेल, कर्ज काढून खेळायची इच्छा होत असेल किंवा जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

राहिले वडिलांचे शेअर. जेनिफर लर्नर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये काही जणांना दुःखद चित्रफीत दाखवली आणि मग साध्या वस्तूंच्या किमती विचारल्या. एरवी माणूस हातातली वस्तू महाग विकायला बघतो. दुःखी माणसं हातातली वस्तू स्वस्तात द्यायला तयार झाली आणि नवी वस्तू जास्त किमतीला घ्यायला. काहीतरी बदलावं, हे नको ते हवं, अशी ती ओढ असते, आणि त्या चित्रफितीचा आपल्यावर परिणाम झालाय हे त्यांना माहीतही नव्हतं. तुमचं दुःख चित्रफितीचं नाही. म्हणून नावावर करून घेण्याची कागदपत्रं वेळेत पुरी करा, पण विकण्याचा निर्णय वर्षश्राद्ध होईपर्यंत हातात घेऊ नका. त्यात पुरेसा पैसा अडकला असेल आणि घरात गरज असेल तर गोष्ट वेगळी, ती बायकोबरोबर बसून ठरवा.

त्यानंतर ती वही उघडा. खरेदीच्या तारखेपुढे त्यांनी कारण लिहिलंय का ते पाहा. त्या पिढीतली पुष्कळ माणसं लिहीत: 'जोशींनी सांगितलं', 'लाभांश चांगला', 'सुमनच्या लग्नासाठी'. ज्याचं कारण संपलं आहे तो शेअर विकायला वडिलांची हरकत नसती. एखादा नुसता ठेवावासा वाटला, तर दहा-वीस शेअर ठेवा. त्यांच्याकडे परताव्याच्या नजरेनं पाहू नका आणि एक्सेलमध्ये त्यांची ओळ घालू नका. बाकीच्यांसाठी त्याच वहीत, त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली, तुमच्या अक्षरात तारीख आणि कारण लिहायला सुरुवात करा.